जासूद आणि पोहोच

माणगावच्या टपालकचेरीत एके काळी महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात विशेष वर्दळ असे. काळ नदीच्या काठचे हे गाव आणि त्याच्या भोवतालच्या वाड्यावस्त्या ह्यांतील कितीतरी घरांचा कर्ता पुरुष मुंबईस गिरणीत असे, आणि घरची चूल त्याच्या मनीऑर्डरीवर पेटत असे. टपालवाला पैसे मोजून देई, घरची बाई फॉर्मावर सही करी अथवा डाव्या अंगठ्याची निशाणी उठवी, आणि त्या फॉर्माचा एक तुकडा परत मुंबईच्या वाटेस लागे. त्यास पोहोच म्हणत. गिरणीतला चाकरमानी ती पोहोच ट्रंकेत जपून ठेवी. पैसे पाठविल्याने त्याच्या जिवास स्वस्थता येत नसे. ते ज्याचे त्याला पोहोचले हे कळल्यावर येई. मधल्या दिवसांत काय वाटेल ते होऊ शके. नदीला पूर येई, गावात त्याच नावाचा दुसरा मनुष्य निघे, पत्ता अर्धवट असे.

कागदी मनीऑर्डरीचे ते दिवस सरले. परंतु पाठविणे निराळे आणि पोहोचणे निराळे, हे त्या व्यवहारातील साधे शहाणपण आजच्या जीवशास्त्राच्या एका अतिशय नाजूक कामात जसेच्या तसे उपयोगी पडत आहे. ते काम म्हणजे माणसाचे एखादे जनुक, त्यास ओळखीची खूण बांधून, एका पोकळ केलेल्या विषाणूच्या हाती जिवंत पेशीत पाठविणे. हे काम प्रयोगशाळेतील काचपात्रात सुरू झाले आणि आता रुग्णाच्या खाटेपर्यंत आले आहे; आणि ज्या ठिकाणी ते भारतात प्रथम रुग्णाच्या खाटेपर्यंत आले, ते खारघर माणगावच्याच जिल्ह्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात आहे. यास्तव हा विषय केवळ पंडितांचा राहिलेला नाही.

जनुक म्हणजे पेशीस एखादे प्रथिन कसे घडवावे हे सांगणारा लेख. माणसाच्या पेशीच्या केंद्रकात प्रथिनांचे असे सुमारे वीस हजार लेख डीएनएच्या लांब सूत्रावर लिहिलेले असतात. त्यांपैकी एखाद्या लेखात चूक झाली म्हणजे कोणाचे रक्त गोठत नाही, कोणाचे स्नायू झिजतात, कोणाच्या पेशी मोकाट वाढू लागतात. चूक कोठे आहे हे हल्ली बहुधा लवकर सापडते. परंतु ते प्रथिन मुळात पेशीत करीत काय होते, कोठे बसत होते, दुसऱ्या कोणत्या प्रथिनाशी संधान बांधीत होते, हे उमगल्यावाचून उपचार सुचत नाही. ते जाणण्याचा एक मार्ग असा की, त्या जनुकाची शुद्ध नक्कल काचपात्रात वाढविलेल्या पेशींत पाठवावी आणि पुढे काय घडते ते निरखावे.

ह्यात अडचण दुहेरी आहे. एक तर पेशी आपल्या दारी आलेला अनोळखी डीएनए सहसा आत घेत नाही. दुसरे असे की, नक्कल आत गेली तरी आतल्या हजारो प्रथिनांच्या गर्दीत तिच्यापासून घडलेले प्रथिन कोणते, हे सूक्ष्मदर्शकातून पाहूनही कळत नाही. बहुतेक प्रथिने रंगहीन असतात. पहिल्या अडचणीसाठी जासूद हवा आणि दुसरीसाठी पोहोच हवी. माणगावाहून निजामपूरमार्गे ज्या रायगडाकडे वाट जाते, त्या गडावरून शिवकाळी खलिते घेऊन जासूद सुटत. खलित्यात काय लिहिले आहे हे जासुदाने जाणण्याचे कारण नसे. तो योग्य हाती देणे एवढेच त्याचे काम. जीवशास्त्रज्ञांस असाच, स्वतःचे काही न सांगणारा जासूद हवा होता.

त्यांनी जो निवडला, तो मात्र ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आणील असा आहे. आइसलंडात १९३३ साली जर्मनीहून काराकुल जातीच्या मेंढ्या आणविण्यात आल्या, आणि काही वर्षांनी तेथील कळपांत फुफ्फुसांचे व मेंदूचे असे विकार दिसू लागले की, जे दीर्घकाळ दबा धरून बसत आणि मग जनावरास हळूहळू मारीत. ब्योर्न सिगुर्दसन ह्या शास्त्रज्ञाने १९५४ साली अशा रोगांस मंदगती संसर्ग असे नाव दिले. लॅटिन भाषेत मंद ह्या अर्थी 'लेंटस' असा शब्द आहे. त्यावरून ह्या कुळातील विषाणूंस लेंटिव्हायरस म्हणू लागले. त्याच कुळातील, माणसास ग्रासणारा विषाणू १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत सापडला. तो म्हणजे एड्सचा विषाणू, एचआयव्ही.

भारतात त्याची वर्दी १९८६ साली मद्रासेत लागली. ती लावणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन ह्या मद्रासेत स्थायिक झालेल्या गायतोंडे ह्या मराठी घराण्यातील कन्या. त्यांच्या मार्गदर्शनाखाली सेल्लप्पन निर्मला ह्या त्यांच्या विद्यार्थिनीने रक्ताचे नमुने गोळा केले, आणि 'हा रोग आपल्याकडचा नव्हे' हा समज एका दिवसात कोसळला. रुग्णास घरचेही शिवेनासे झाले, त्या काळात डॉ. सॉलोमन ह्यांनी १९९३ साली आपल्या वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे केंद्र काढले आणि २०१५ साली देह ठेवीपर्यंत रुग्णांची पाठ सोडली नाही. पुण्याजवळ भोसरी येथे ह्याच रोगाच्या संशोधनासाठी १९९२ साली राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. अशा विषाणूकडून कोणी निरोप्याचे काम करून घेईल, असे तेव्हा सामान्य माणसाच्या स्वप्नातही आले नसते.

पण त्या विषाणूच्या अंगी एक विलक्षण कसब आहे. त्याचा स्वतःचा मजकूर आरएनएच्या रूपात असतो. पेशीत शिरल्यावर तो आपल्याबरोबर आणलेल्या विकराच्या साह्याने त्या मजकुराचे डीएनएत रूपांतर करतो आणि ते पेशीच्या मूळ सूत्रात सांधून टाकतो. हा उलटा प्रवास घडविणारे विकर टेमिन आणि बाल्टिमोर ह्यांनी १९७० साली, दुसऱ्या काही विषाणूंत, स्वतंत्रपणे शोधून काढले होते. तलाठ्याच्या दप्तरात एकदा फेरफार नोंदला गेला की पुढच्या प्रत्येक उताऱ्यात तो उतरतो, त्याप्रमाणे सूत्रात सांधलेला हा मजकूर त्या पेशीच्या सर्व संततीत उतरतो. शिवाय, त्याच्या जवळच्या जातीचे कित्येक विषाणू पेशीच्या विभाजनाची वाट पाहत थांबतात. लेंटिव्हायरस विश्रांत पेशीच्या केंद्रकातही शिरू शकतो. सॉल्क संस्थेतील लुइजी नाल्दिनी, इंदर वर्मा आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९९६ साली एचआयव्हीपासून तयार केलेल्या वाहकाने उंदराच्या मेंदूतील, कधीही न विभागणाऱ्या पेशींत जनुक पोहोचवून दाखविले. तेथून ह्या जासुदाची नेमणूक झाली असे म्हणण्यास हरकत नाही.

आता जासुदाच्या कमरेचे शस्त्र काढून घेतले कसे, हा प्रश्न उरतो, आणि सर्वसामान्य माणसाच्या भीतीचे मूळ तेथेच आहे. एचआयव्हीच्या सुमारे दहा हजार अक्षरांच्या मजकुरात नऊ जनुके असतात. रोग घडविण्यासाठी जी लागतात, ती टाकून देण्यात येतात. कणाची बांधणी करण्यासाठी जी लागतात, तेवढी ठेवतात. परंतु ती एकत्र न ठेवता प्लाझ्मिड नावाच्या वेगवेगळ्या डीएनएच्या कड्यांवर विभागून ठेवतात. नव्या कणात भरावयाच्या मजकुरावर एक विशिष्ट संकेत असावा लागतो. तो संकेत बांधणीच्या जनुकांवर नसतो. केवळ पाठवावयाच्या मानवी जनुकाच्या कड्यावर असतो. ही सारी कडी मानवी मूत्रपिंडाच्या वंशातील, प्रयोगशाळेत पिढ्यानुपिढ्या वाढविलेल्या पेशींत एकाच वेळी सोडतात. त्या पेशी दोन-तीन दिवस कारखान्यासारख्या राबतात आणि कण बांधून बाहेर टाकतात. भोवतालचा द्रव गाळून, दाट करून, शून्याखाली ८० अंशांच्या थंडीत ठेवला की जासुदांची तुकडी सिद्ध झाली. एकेक कण मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढा.

ह्या रचनेचे मर्म असे की, कणात जातो तो केवळ निरोप. कण बांधण्याची कृती कारखान्यातच मागे राहते. म्हणून तो कण एका पेशीत शिरतो, निरोप देतो आणि तेथेच संपतो. त्याला वंश नाही. एचआयव्हीचे मूळ आवरण ठराविक पेशींचीच दारे उघडते. त्याच्या जागी गुराघोड्यांच्या तोंडास फोड आणणाऱ्या एका वेगळ्या विषाणूचे आवरण चढवितात, त्यामुळे कण नाना प्रकारच्या पेशींत शिरू शकतो. जासुदाच्या झोळीसही माप आहे. तिच्यात आठ-नऊ हजार अक्षरांहून अधिक मजकूर नीट मावत नाही. म्हणून मानवी जनुकातील मधले निरुपयोगी भाग वगळून नेमकी संहिता घालतात. तरीदेखील स्नायूंतील डिस्ट्रोफिन नामक प्रथिनाची सुमारे अकरा हजार अक्षरांची संहिता तीत सबंध बसत नाही. एवढे निःशस्त्र केल्यावरही हे काम उघड्या मेजावर कोणी करीत नाही. आपल्या देशात १९८९ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत जैवसुरक्षा समिती असावी लागते, आणि हाताळणारा मनुष्य बंदिस्त कपाटात, हातमोजे चढवून हे कण हाताळतो. कारण जो कण काचपात्रातील मानवी पेशीत शिरतो, तो बोटास सुई टोचल्यास त्या बोटाच्या पेशीतही शिरेल.

येथवर जासुदाची हकीकत झाली. आता पोहोच. मानवी जनुकाच्या संहितेच्या शेवटास किंवा आरंभास दुसरी एक छोटी संहिता जोडून देतात, म्हणजे घडणारे प्रथिन आपल्या शेपटीस ती खूण घेऊनच जन्मास येते. काही खुणा अगदी लहान असतात. 'फ्लॅग' नावाची खूण आठ अमिनो आम्लांची, 'मिक' नावाची दहांची. ह्या खुणांस नेमके ओळखून चिकटणारी प्रतिपिंडे तयार मिळतात. त्यांच्या योगे गर्दीतून ते एकच प्रथिन हुडकता येते, आणि त्याचा हात धरून उभी असलेली दुसरी प्रथिनेही त्याच्याबरोबर ओढून काढता येतात. दुसऱ्या प्रकारची खूण म्हणजे हिरव्या प्रकाशाचे प्रथिन. ते २३८ अमिनो आम्लांचे, म्हणजे मोठे आहे. पण त्यास प्रतिपिंड लागत नाही. निळा प्रकाश टाकताच ते स्वतः हिरवे चमकते, आणि जिवंत पेशीत आपले प्रथिन कोठून कोठे चालले आहे हे डोळ्यांनी पाहता येते.

हे हिरवे प्रथिन समुद्रातून आले. नागासाकीवर बॉम्ब पडला तेव्हा त्या शहराजवळच राहणारा सोळा वर्षांचा मुलगा ओसामु शिमोमुरा पुढे रसायनशास्त्रज्ञ झाला आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर १९६१ च्या उन्हाळ्यात त्याने सुमारे दहा हजार जेलीफिश गोळा केले. त्यांच्या कडांतून त्याने प्रकाश देणारी प्रथिने निराळी केली. त्यांतील हिरव्या प्रथिनाचे जनुक डग्लस प्रॅशर ह्यांनी १९९२ साली उतरवून घेतले आणि त्याच्या प्रती इतरांस मोकळ्या हाताने दिल्या. मार्टिन चाल्फी ह्यांनी १९९४ साली ते दुसऱ्या जीवांच्या पेशींतही प्रकाशते हे दाखविले. रॉजर त्सिएन ह्यांनी त्यास निरनिराळे रंग दिले. २००८ साली शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन ह्यांस रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रॅशर तेव्हा अनुदानाअभावी शास्त्र सोडून एका मोटारविक्रेत्याकडे गाडी चालवीत होते. त्याच २००८ साली वैद्यकाच्या पारितोषिकात एचआयव्ही शोधणाऱ्या फ्रान्स्वाज बारे-सिनुसी आणि ल्यूक माँतान्ये ह्यांचाही वाटा होता. जासूद आणि पोहोच, दोहोंचाही सन्मान एकाच वर्षी झाला.

परंतु पोहोच हाती आली म्हणजे सर्व कळले, असे समजणे हा भोळेपणा होय. माणगावच्या घरी पैसे पोहोचले एवढे पोहोच सांगे. त्या पैशांत मुलाची फी भरली गेली की सावकाराचे व्याज, हे ती सांगत नसे. त्याचप्रमाणे हिरवा प्रकाश दिसला म्हणजे प्रथिन घडले एवढेच सिद्ध होते. ते आपले काम बिनचूक करीत आहे हे निराळे तपासावे लागते. कधी कधी तर खूणच कामात आड येते. नाजूक प्रथिनाच्या शेपटीस मोठे लोढणे बांधल्यावर ते नेहमीच्या जागी न जाता भलतीकडेच अडकते, आणि संशोधक त्या भलत्या जागेसच त्याचे घर समजून बसतो. शिवाय एका पेशीत एकाऐवजी दहा निरोप गेले तर प्रथिनाचा असा पूर येतो की, निसर्गात कधी न दिसणारी वर्तणूक दिसू लागते. म्हणून सावध संशोधक खूण एकदा आरंभास आणि एकदा शेवटास बांधून पाहतो. मानवी जनुकाविना केवळ खूण घेऊन जाणारे जासूद तुलनेसाठी दुसऱ्या पात्रात सोडतो. किती पेशींमागे किती कण घातले ह्याचा हिशेब ठेवतो. ह्या कंटाळवाण्या हिशेबावरच पुढे कोणाचा तरी जीव विसंबून असतो.

हे मुंबईकरांस नव्याने सांगावयास नको. प्लेगच्या साथीत वाल्डेमार हाफकिन ह्यांनी मुंबईत प्लेगचे जंतू वाढवून, उष्णतेने मारून त्यांची लस केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. ज्याने मृत्यू येतो त्यालाच निःशस्त्र करून राबविण्याची ती जुनी विद्या. पण १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी त्या लशीच्या एका बाटलीतून १९ माणसे धनुर्वाताने दगावली. लस स्वतः निर्दोष होती; एका बाटलीत धनुर्वाताचे जंतू शिरले होते. हाफकिन ह्यांच्यावर ठपका आला, आणि तो दूर होण्यास १९०७ साल उजाडले. परळच्या प्रयोगशाळेस १९२५ पासून त्यांचे नाव आहे. तत्त्व खरे असून भागत नाही. प्रत्येक बाटली खरी असावी लागते, हा त्या घटनेचा धडा.

जनुकांच्या जासुदासही असे धडे मिळाले आहेत. पॅरिसमध्ये प्रतिकारशक्तीविना जन्मलेल्या बालकांवर, लेंटिव्हायरसच्या एका जुन्या नातलगाकडून जनुक पाठवून उपचार झाला आणि बालके बरी झाली, म्हणून २००० साली जगभर आनंद झाला. दोन वर्षांनी त्यांतील काहींस रक्ताचा कर्करोग जडल्याचे दिसून आले. निरोप पोहोचला होता, कामही झाले होते. परंतु तो पेशीच्या दप्तरात वाढीस चालना देणाऱ्या एका जनुकाच्या शेजारी नोंदला गेला होता. ह्यानंतर वाहकाच्या टोकाचे शेजाऱ्यास चेतविणारे भाग छाटून टाकण्याची रीत रूढ झाली. तरीही धोका शून्यावर आलेला नाही. मेंदूच्या एका दुर्मीळ आनुवंशिक रोगासाठी लेंटिव्हायरसवाहक उपचार घेतलेल्या ६७ मुलांपैकी ७ जणांस पुढे रक्ताचा कर्करोग झाल्याचे २०२४ साली प्रसिद्ध झाले. फिलाडेल्फियाची एक हकीकत तर अशी की, औषध तयार करताना रुग्णाच्या निरोगी पेशींत एक कर्करोगाची पेशी चुकून राहिली, जासुदाने तिच्याच हाती निरोप दिला, आणि त्या निरोपाच्या आडोशाने ती औषधास दिसेनाशी झाली. तो रुग्ण वाचला नाही. २०१८ साली हे प्रकरण डॉक्टरांनी स्वतःच उघडपणे छापले, म्हणून इतरांस सावध होता आले.

आता खारघरकडे वळावयाचे. माणगावाहून महामार्गाने कोलाड, नागोठणे, पेण, पनवेल अशी गावे मागे टाकली की खारघर येते. तेथे टाटा स्मारक केंद्राची कर्करोगावरील संशोधनाची आणि उपचाराची संस्था आहे. ह्या केंद्राच्या मुळाशीही रक्ताचा कर्करोगच आहे. सर दोराबजी टाटा ह्यांच्या पत्नी मेहेरबाई ह्या १९३१ साली ह्याच रोगाने निवर्तल्या, आणि टाटांच्या न्यासाने परळ येथे उभारलेले रुग्णालय १९४१ साली उघडले. त्या काळी रक्ताच्या कर्करोगावर सांगण्यासारखा इलाज नव्हता.

४ जून २०२१ रोजी खारघर येथे भारतातील पहिला कार-टी उपचार देण्यात आला. त्यासाठी लागणाऱ्या पेशी पवईच्या आयआयटीत प्राध्यापक राहुल पुरवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडविल्या होत्या. कृती ऐकण्यास सोपी आहे. रुग्णाच्या रक्तातील टी-पेशी, म्हणजे शरीराचे शिपाई, वेगळ्या काढावयाच्या. लेंटिव्हायरसच्या हाती त्यांना एक नवा लेख द्यावयाचा. त्या लेखानुसार प्रत्येक शिपायाच्या अंगावर एक पकडहात उगवतो, जो रोगट बी-पेशीवरील 'सीडी-१९' नामक चिन्ह ओळखतो. मग ह्या पेशींची वाढ करून त्या रुग्णाच्या रक्तात परत सोडावयाच्या. पवईच्या मंडळींनी उंदराच्या प्रतिपिंडावरून घेतलेल्या ह्या पकडहातास मानवी वळण दिले. फिलाडेल्फियात २०१२ साली एमिली व्हाइटहेड ह्या सहा वर्षांच्या मुलीस अशाच उपचाराने जीवदान मिळाले होते. परंतु परदेशी औषधाचा खर्च तीन-चार कोटी रुपयांच्या घरात जाई. खारघर व पवई येथील औषधास ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेची मान्यता मिळाली, आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू ह्यांच्या हस्ते पवई येथे त्याचे लोकार्पण झाले. किंमत परदेशाच्या मानाने सुमारे एक दशांश. ह्या औषधाच्या चाचण्यांचा अहवाल २०२५ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ७३ टक्के रुग्णांत रोग हटल्याचे अथवा मागे सरल्याचे दिसले. हे रुग्ण इतर उपचार थकल्यावर आलेले होते, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या आकड्याचे मोल कळते. उरलेल्या चौथ्या हिश्शाच्या घरी काय झाले असेल, हेही त्याच आकड्यात लिहिलेले आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात ह्याच जासुदाच्या हाती रक्त गोठविणाऱ्या प्रथिनाचे मानवी जनुक रक्ताच्या मूळपेशींत पाठवून तीव्र हिमोफिलियाच्या पाच रुग्णांवर उपचार झाला. उपचारानंतरच्या पाहणीच्या काळात त्यांपैकी एकासही रक्तस्राव झाला नाही, असे २०२४ साली प्रसिद्ध झाले.

औषधाच्या पिशवीत जाण्यापूर्वी ह्या पेशींची पोहोच घ्यावी लागते. किती टी-पेशींवर पकडहात उगवला, प्रत्येक पेशीच्या दप्तरात सरासरी किती नोंदी झाल्या, कोठे पुन्हा वंश वाढवू शकणारा विषाणू तयार झाला नाही ना, जंतूंचा शिरकाव नाही ना, हे सर्व मोजून मगच पिशवी खाटेकडे जाते. ही मोजमापे खुणा बांधलेल्या जनुकांवर वर्षानुवर्षे केलेल्या साध्या प्रयोगांतून शिकलेली आहेत. एखाद्या विद्यार्थ्याने रात्री जागून, काचपात्रात किती पेशी हिरव्या झाल्या आणि किती झाल्या नाहीत हे जे वहीत टिपले, त्यातूनच निरोप देण्याची आणि तो पोहोचला हे ओळखण्याची ही विद्या वाढली. ज्या दिवशी अपेक्षेहून कमी पेशी चमकल्या, त्या दिवशी वहीत खरा आकडा लिहिणाऱ्यांचे ह्यात मोठे ऋण आहे.

सुशिक्षित कुटुंबांवर ह्या ज्ञानाने एक जबाबदारी येते. आपल्या नात्यागोत्यात असा प्रसंग आला, तर विषाणू हा शब्द ऐकताच घाबरून उपचार नाकारू नये, आणि जनुकोपचार हा शब्द ऐकताच घरदार विकून कोणाच्याही पायरीवर जाऊ नये. विचारावे ते असे: कोणते जनुक पाठविणार, कोणत्या पेशींत, पोहोचले हे कशावरून ओळखणार, औषध नियंत्रकांची मान्यता आहे काय, आणि पुढे किती वर्षे रुग्णावर लक्ष ठेवणार? पेशीच्या सूत्रात कायमची नोंद करणाऱ्या अशा उपचारानंतर अमेरिकेत पंधरा वर्षे रुग्णाची विचारपूस चालू ठेवण्याची शिफारस आहे. कारण पॅरिसचा धडा दोन वर्षांनी कळला होता. ज्याच्यापाशी ह्या प्रश्नांची शांत उत्तरे आहेत, त्याच्यावर विश्वास ठेवण्यास हरकत नाही. जो प्रश्नांनीच रागावतो, त्याच्या दारातून परत फिरावे. एक दशांश किंमतही लाखांत जाते, आणि कोकणातील सामान्य घरास ती सहज पेलणारी नाही, हेही विसरता येत नाही. ती आणखी खाली आणणे, हे ह्या कामाचे अर्धे उरलेले आहे.

माणगाव स्थानकातून पनवेलकडे जाणाऱ्या गाडीत आजही उपचारासाठी निघालेली माणसे असतात. हातात फायलींची पिशवी, सोबत घरचे कोणीतरी. खारघरला पोहोचल्यावर त्यांच्यापुढे संमतिपत्र येते आणि त्यावर सही अथवा अंगठा द्यावा लागतो. त्यांच्या आजीने टपालवाल्याच्या फॉर्मावर अंगठा उठविला, तेव्हा पैसे तिने प्रथम मोजून घेतले होते. संमतिपत्रावर सही करणाऱ्यानेही तेवढे अवश्य करावे. आणि ज्यांच्या हाती जासूद आहे, त्यांनी पोहोच आल्यावाचून निरोप पोहोचला असे कोणासही सांगू नये.